खाल्ल्या घरचे वासे

दर वर्षी बी. ए.च्या वर्गात म्हणी आणि वाक्प्रचार शिकवू लागले की एक प्रश्न हटकून येतो. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ म्हणजे कृतघ्न होणे, एवढे मुलांना पाठ असते. पण मोजायचे ते वासेच का? भांडी का नाहीत, खिडक्या का नाहीत? स्लॅबच्या घरात वाढलेल्या मुलांना वासा कशाशी खातात हेच ठाऊक नसते, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. मग मी फळ्यावर घर काढते. मधोमध उंचावर आडवे आढे, दोन बाजूंना उतरत गेलेले दोन पाखे आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत ओळीने घातलेले वासे. आणि सांगते, “पाहुणा जेवून ओटीवर आडवा झाला की त्याची नजर वर जाते. भला माणूस तृप्तीने डोळे मिटतो. दुसरा वासे मोजू लागतो, म्हणजे या घरात माल किती आहे याचा अदमास घेतो.”

वर्ग हसतो आणि आम्ही पुढच्या म्हणीकडे वळतो.

वाचकहो, इतकी वर्षे हे उत्तर मी बिनदिक्कत देत आले. यंदाच्या फाल्गुनात मात्र मी स्वतः पदर खोचून, हातात वही-पेन्सिल घेऊन वासे मोजत उभी होते. आणि तेही ज्या घरात जन्मले, ज्या घरचे खाऊन वाढले, त्याच घरचे! शेजारी जुन्या लाकडाचा व्यापारी मोठ्याने आकडे सांगत होता आणि मी ते लिहून घेत होते. शब्दांची मास्तरकी करणाऱ्या बाईवर एखाद्या म्हणीने असा सूड उगवावा, याला काय म्हणावे?

आमचे घर राजूरचे. अकोले तालुक्यातले राजूर म्हणजे भंडारदऱ्याच्या वाटेवरचे बाजाराचे गाव. प्रवाशांना ते पेढ्यांमुळे आठवते; आम्हांला ते पावसामुळे. घर शेतकऱ्याचे, म्हणजे वाडा म्हणावा असे ऐटदार नव्हे आणि झोपडी म्हणावी असे लहानही नव्हे. पुढे ओटी, मग माजघर, एका अंगाला स्वयंपाकघर, मागे पडवी आणि पडवीला लागून गोठा. वर भाताच्या कणग्या ठेवायला माळा. वडील गेल्यापासून आई थोडे दिवस दादाकडे संगमनेरला, थोडे दिवस धाकट्याकडे पुण्याला आणि उरलेले हट्टाने राजूरला अशी राहते. मी नोकरीमुळे अकोल्यात, म्हणजे सर्वांत जवळची.

होळी झाली आणि दादाचा फोन आला. “या पावसाळ्यात घर उभं राहील असं वाटत नाही. मागच्या पडवीचा खांब खचलाय. लाकूड विकून टाकू, जागेवर दोन खोल्यांची स्लॅब घालू, आईला कोरडं तरी मिळेल. गिऱ्हाईक आलंय. तुझी सही लागेल.”

सही लागणारच होती. २००५ च्या कायद्यापासून वडिलार्जित घरात मुलीचाही भावांइतकाच वाटा असतो. दादाने हक्कसोडपत्राचा कागद तयार ठेवला होता आणि त्यावर ठेवायला राजूरच्या पेढ्यांचा पुडा. या दोन वस्तू एकत्र आणण्यात काही कावा नव्हता हो! दादा सरळ माणूस आहे. दर पावसाळ्यात कौले फुटतात, रात्री उठून गळतीखाली घंगाळे ठेवावे लागते, आईचे गुडघे दुखतात, आणि घर चालवायचा खर्च तिघांत तोच सर्वांत जास्त करतो. त्याच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर मी वही हातात घेतली.

व्यापारी आपल्या कामात वाकबगार होता. त्याने खांबावर नख मारून पाहिले, तुळईवर बोटाची पेरे वाजवली. “साग आहे. जुना आहे. खांब बारा, तुळया आठ, हस्त सोळा, वासे चोपन्न.” सगळ्याचे मिळून त्याने साडेतीन लाख सांगितले. हे लाकूड कुठे जाईल, असे मी विचारले, तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, “ताई, इगतपुरीच्या बाजूला, लोणावळ्याला फार्महाऊसं होतात ना, त्यांना असले जुने खांब फार लागतात. हॉलमध्ये मधोमध उभे करतात. शोभेला.”

मी विचारले, “त्यांच्यावर भार कसला असतो?”

“भार कसला? वर स्लॅब असते. खांब नुसता उभा.”

शेतकऱ्याचे घर मोडायचे आणि त्याच्या खांबांनी शहरातल्या माणसाचे ‘शेतघर’ सजवायचे! आणि शंभर वर्षे ज्याने छप्पर पेलले त्याने उरलेला जन्म नुसते उभे राहायचे. मला एकाएकी आमचे निवृत्त प्राचार्य आठवले, सत्काराला बोलावतात आणि बोलू देत नाहीत तसे. मी कागदावर सही केली नाही. नाहीही म्हटले नाही. “आधी एकदा सुताराला दाखवू,” एवढेच म्हटले. दादाने पेढ्यांचा पुडा उघडला, सगळ्यांना एकेक दिला आणि म्हणाला, “दाखव.”

सुतार येईपर्यंत हे घर उभे कसे आहे ते आधी सांगते. ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

आपण समजतो की घर भिंतींवर उभे असते. जुने लाकडी घर तसे नसते. आधी दगडी जोते बांधतात. जोत्यावर जागोजागी चौकोनी घडीव दगड बसवतात, हा तळखडा. त्यावर खांब ठेवतात. हो, ठेवतात, पुरत नाहीत. जमिनीत पुरलेले लाकूड ओल पिऊन कुजते. दगडावर ठेवलेले कोरडे राहते. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे आडवे लाकूड असते, त्याला सुतार ‘हस्त’ म्हणतात, आणि त्या हातांवर तुळई विसावते. हात पसरल्यामुळे दोन खांबांमधले तुळईचे अंतर तेवढे कमी होते आणि ती मधेच वाकत नाही. तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, म्हणजे माळ्याची जमीन झाली. त्याच्याही वर आढे, वासे, रिपा आणि कौले. सारा भार वाशांकडून तुळईकडे, तुळईकडून हस्ताकडे, तिथून खांबात आणि खांबातून दगडात उतरतो. भिंतीच्या वाट्याला काही येत नाही. तिने फक्त वारा, पाऊस आणि शेजाऱ्यांची नजर अडवायची.

आणि हे सारे एकमेकांना धरून राहते ते खिळ्यांनी नव्हे. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढतात, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्यात तिच्या मापाची खाच. जीभ खाचेत बसवायची, आडवे भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची आणि जिथे ढिले वाटेल तिथे पाचर मारायची. आपण भाषेत मात्र दुसऱ्याच्या कामात विघ्न आणण्याला ‘पाचर मारणे’ म्हणतो. सुतार ती सांधा घट्ट करायला मारतो, हे आपण विसरलो.

दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात. पूर्वी घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. “पाच खणांचं घर आहे” म्हटले की सोयरिकीला आलेल्या माणसाला काय ते कळत असे. साधारण पाच-सहा फुटांचा एक खण. कारण तेवढ्या अंतरावर बेताच्या जाडीची तुळई निर्धास्त टिकते. झाडाने माणसाला आखून दिलेले हे माप.

छपराचे माप आखून दिले ते पावसाने. आमच्या जिल्ह्याची मोठी मौज आहे. २०२४ साली त्याचे अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण त्याचे आभाळ होते तसेच आहे. पश्चिमेच्या टोकाला घाटघर, ज्याला लोक जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. आणि पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे पावसाची वाट पाहणारे माळरान. म्हणून तिकडे जुनी घरे धाब्याची: लाकडी कड्यांवर मातीचे जाड सपाट छप्पर, उन्हाळ्यात गार, आणि उन्हात वाळवण घालायला उत्तम. तसले छप्पर आमच्याकडे घातले तर पहिल्या आषाढातच त्याचा चिखल होऊन डोक्यावर यायचा. आमच्याकडे पाखे उंच आणि उतरते हवेत. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अमलाखाली दोन तऱ्हेची छपरे सुखाने नांदली, कारण दोघांचाही खरा अधिकारी ढग होता.

आमच्या घराच्या पुढच्या भिंती विटांच्या, पण माळ्यावरच्या आणि गोठ्याच्या भिंती कुडाच्या होत्या. डोंगरावर कारवी उगवते. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग सुकून जाते. तिच्या सरळ काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची, की झाला कूड. रतनवाडी-साम्रदकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतून अशी घरे लोक पिढ्यान् पिढ्या बांधत आले. त्यात घडीव खांबाऐवजी रानातली दुबेळक्याची मेढ असते, म्हणजे निसर्गानेच वर हस्त काढून दिलेला खांब! आमच्या सुताराची सारी विद्या या मेढीपासून निघाली असावी, असे मला नेहमी वाटते. छपरावर आधी गवत, मग कुंभाराची नळीची कौले. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली यंत्राची चपटी कौले पाडायला सुरुवात केली. ती पुढे गावोगाव पसरली आणि शेवटी आमच्याही घरावर चढली.

याच पद्धतीने पुण्यात पेशव्यांचे वाडे उठले. दुसऱ्या बाजीरावाचा १८०७ चा विश्रामबाग वाडा आजही पाहता येतो. त्याचे कोरीव सागवानी खांब आणि आमच्या ओटीचे खांब यांत श्रीमंतीचा फरक आहे, पण हिशेब तोच. या हिशेबाचे वैरी तीन: आग, वाळवी आणि ओल. शनिवारवाड्याची १८२८ ची आग कित्येक दिवस धुमसत होती. दगड उरला, लाकूड गेले. मात्र धरणीकंपापुढे लाकडाची जात वेगळी ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद यांखाली सापडून हजारो माणसे दगावली. तरी नंतर पाहणी करणाऱ्यांना असेही दिसले की कित्येक घरांत भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या आणि आतला लाकडी सांगाडा छपरासह उभा राहिला. सगळीकडे तसे घडले नाही. पण जिथे सांधे पक्के होते तिथे घर हलले, वाकले आणि उभे राहिले.

आता आमच्या सुताराकडे वळू. पंचाहत्तरीच्या पुढचे गृहस्थ, डोळ्याला जाड काच, कानावर पेन्सिल. त्यांनी घरात शिरल्या शिरल्या वर पाहिले नाही, खाली पाहिले. पडवीतल्या खचलेल्या खांबापाशी बसले आणि पायथ्याशी किकरे टोचले. ते लोण्यात जावे तसे आत गेले.

“हा खांब कुणी मारला?” त्यांनी विचारले.

कुणी मारला? वीस वर्षांपूर्वी आम्हीच. पडवीत शेणाची जमीन नको म्हणून वडिलांनी मोठ्या हौसेने सिमेंटचा कोबा घालून घेतला होता. कोबा तळखड्याच्या वर चढला आणि खांबाचा पाय त्यात गाडला गेला. मातीची जमीन ओल सोडून देते. सिमेंट ती कोंडून धरते. दगडावर शंभर वर्षे कोरडा राहिलेला पाय वीस वर्षांत आतून कुजला. दादा काही बोलला नाही. कोब्याचा माल बैलगाडीतून त्यानेच आणला होता आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्यावर अनवाणी नाचून घेतले होते.

मग सुतारबाबा ओटीवर आले, आणि मधल्या खांबातल्या एका रिकाम्या खाचेत त्यांनी बोट घातले. ती खाच मला पाठ होती. लहानपणी तिच्यात मी चिंचोके लपवीत असे. धाकट्याचा हात तिथवर पोचत नसे हा तिचा सर्वांत मोठा गुण. खाच कशासाठी आहे असा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. घरात खाच असते, जशी तुळस असते.

“ताई, ही खाच इथली न्हाई,” सुतारबाबा म्हणाले. “हिच्यात बसणारी कडी या घरात कुठंच न्हाई. आन् ह्ये बघा.”

त्यांनी ओल्या फडक्याने काजळी पुसली. खांबाच्या डोक्याशी पटाशीने मारलेल्या तीन उभ्या रेघा होत्या. वर तुळईच्या तोंडालाही तीन रेघा. पुढच्या खांबावर चार, त्याच्या तुळईवर चार. शिडी लावून पाहिले तर वाशांनाही रेघा. “ह्ये घर एकदा उतरवल्यालं हाय. नंबर टाकून उतरवायचं आन् नंबरानं उभं करायचं. हे लाकूड या जागेवर दुसऱ्यांदा उभं राहिलंय.”

आई चौकटीत उभी राहून ऐकत होती. “मग? सासूबाई सांगायच्या की,” ती म्हणाली. “पाण्यातून आणलेलं घर म्हणायच्या. मला वाटायचं, पावसात आणलं असेल.”

पाण्यातून आणलेले घर! भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले; म्हणून कागदोपत्री ते विल्सन धरण. प्रवरेच्या त्या पाण्याने खाली नगर जिल्ह्यात ऊस उभा केला. वर मात्र नदीकाठची भाताची खाचरे आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्याच एका घराचे लाकूड माझ्या पणजोबांनी विकत घेतले होते, किंवा ते त्यांच्या सोयऱ्यांचेच घर होते. आईला एवढेच आठवते की आणताना रडारड झाली होती. चाळीसगाव डांगाणातले ते डांगी बैल मुसळधार पावसात काम करतात म्हणून नावाजलेले. त्यांच्या गाड्यांतून खांब आले, तुळया आल्या, वासे आले. रेघेला रेघ जुळवून घर पुन्हा उभे राहिले.

मी त्या रात्री झोपले नाही. मला एकसारखा सुतारबाबांचा शब्द आठवत होता. आम्ही भावंडे महिनाभर ‘घर पाडायचं’ म्हणत होतो. त्यांनी एकदाही तो शब्द उच्चारला नाही. ते ‘उतरवायचं’ म्हणत होते. भिंत पाडतात, घर उतरवतात, डोक्यावरचा भारा उतरवावा तसे, पुन्हा उचलायच्या बोलीने. मराठी शिकवून माझे केस पांढरे होऊ लागले आणि हा भेद मला कानावर पेन्सिल लावलेल्या माणसाकडून शिकावा लागला.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात इंग्लंडातल्या जुन्या शेतघरांवरचे एक पुस्तक हाती लागले. त्यात केंट परगण्यातल्या ‘बेलीफ’ नावाच्या शेतघराची हकीकत होती. पंधराव्या शतकाच्या आरंभीचे घर, ओक लाकडाच्या सांगाड्याचे. चित्रे पाहिली आणि मला हसू आले. खाच, कुसू, लाकडी खुंटी सगळे तेच! ओक सुकला की लोखंडासारखा होतो, म्हणून तिकडचे सुतार तो ओलाच घडवीत. मग तो सुकता सुकता खुंटीला आवळून धरी. सांगाड्याच्या मोकळ्या चौकटीत झाडाच्या काठ्या विणून त्यावर माती, शेण आणि गवत यांचा लगदा लिंपीत, म्हणजे आमचा कूडच. मधल्या दालनात जमिनीवर उघडी शेकोटी, धुराडे नाही. धूर वर छपरात जाई आणि वासे काळे करी. आमच्या स्वयंपाकघरावरचे वासे असेच चुलीच्या धुराने काळे झाले आहेत. आणि सांध्यांवर खुणा! तिकडचे सुतार रोमन आकडे टाकीत, कारण ते पटाशीच्या सरळ घावांनी पडतात. अक्षरशत्रू असो की इंग्रज असो, पटाशीला रेघच सोपी.

पण खरी गोष्ट पुढेच होती. १९६० च्या दशकात त्या खोऱ्यात बाउ बीच नावाचा जलाशय बांधायचे ठरले आणि बेलीफ पाण्याखाली जाणार हे नक्की झाले. त्याच सुमारास, १९६७ साली, ससेक्समध्ये जुनी घरे वाचवण्यासाठी एक उघडे संग्रहालय स्थापन झाले होते. त्या मंडळींनी बेलीफ नंबर टाकून उतरवले, गाड्यांतून सिंगल्टन गावी नेले आणि तिथे पुन्हा उभे केले. आज लोक दूरदूरहून ते पाहायला जातात.

मी पुस्तक मिटले. तिकडे तज्ज्ञ आणि संग्रहालय होते. इकडे त्याच्या चाळीस वर्षे आधी माझ्या निरक्षर पणजोबांनी एका सुताराच्या आणि आठ-दहा बैलांच्या बळावर तेच केले होते, आणि कुणी तिकीट लावून पाहावे म्हणून नव्हे. भात ठेवायला आणि गुरे बांधायला जागा हवी म्हणून. आणि ते घर मी साडेतीन लाखांना शोभेचे खांब म्हणून मोजून देत होते.

इथे मी भावांना भाषण दिले आणि त्यांचे डोळे पाणावले, असे लिहिले तर वाचकांना बरे वाटेल. तसे झाले नाही. धाकटा पुण्याहून फोनवर म्हणाला, “ताई, हे सगळं खरं. पण माझा घराचा हप्ता पणजोबा भरणार आहेत का?” हा प्रश्नही खराच होता. दोन मुले, पुण्यातले भाडे आणि शाळांची फी यांच्यापुढे पटाशीच्या तीन रेघा काय करणार? आईने मात्र एका वाक्यात निकाल दिला: “माझा वाटा विकायचा नाही. मी गेल्यावर काय ते करा.”

शेवटी तोड निघाली ती हिशेबाची. धाकट्याच्या वाट्याची रक्कम व्यापाऱ्याच्याच भावाने धरली आणि ती मी हप्त्याहप्त्याने देते आहे. त्यापायी अकोल्यात जो लहानसा फ्लॅट घ्यायचे आम्ही दोघांनी ठरवले होते, तो तीन वर्षे पुढे गेला. घरात त्यावरून दोन दिवस अबोला झाला, हे लपवत नाही. दादाने दुरुस्तीचा खर्च उचलला. गोठ्यात गुरे नाहीत. तो उतरवला, त्याचे चांगले लाकूड दुरुस्तीला वापरले आणि त्या जागी आईसाठी पक्क्या छपराची एक खोली आणि घरातल्या घरात न्हाणीघर झाले. आईचे गुडघे जुन्या वास्तूच्या प्रेमाने बरे होत नाहीत.

वैशाखात काम चालले. खचलेल्या खांबाशेजारी टेकू देऊन, जॅक लावून तुळई अर्धा बोट उचलली. कुजलेला पाय कापून काढला आणि त्या जागी गोठ्यातल्या जुन्या सागाचा नवा पाय तिरप्या सांध्याने जोडला. कोबा फोडला. तळखडा पुन्हा उघडा पडला, तेव्हा दादा स्वतः खाली बसून तो धूत होता. मग घर शाकारले. ‘शाकारणे’ हा शब्द मी वर्गात विचारला तेव्हा पंचेचाळीस मुलांत दोघांना ठाऊक होता. पावसाळ्यापूर्वी छपरावर चढून फुटके कौल बदलायचे, सरकलेले नीट बसवायचे, कुजकी रीप काढायची, हे दर वर्षाचे काम. ते चुकले की गळती, गळतीमागून ओल, ओलीमागून वाळवी. लाकडी घर आपोआप पडत नाही. आपण वर चढायचे सोडले की पडते.

शाकारणीच्या दिवशी सुतारबाबा वर बसून एकेका वाशावर हात ठेवीत मोठ्याने मोजत होते. मी खालून विचारले, “किती भरले?”

“छप्पन्न.”

“व्यापारी चोपन्न म्हणाला होता.”

“चुलीवरचं दोन काळं झाल्यात. त्याला दिसलं नसतील. पर मला दर साली मोजावं लागतंय ना ताई. एक जरी कमी भरला तर पावसात काय करायचं?”

यंदाच्या जूनमध्ये वर्गात पुन्हा तीच म्हण आली आणि एका मुलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी नेहमीचे उत्तर दिले. म्हणीचा अर्थ माझ्या घरापायी बदलत नाही. फक्त त्यापुढे एवढे जोडले की वासे दोघे जण मोजतात, आणि त्यांतला दुसरा दर वर्षी छपरावर चढतो.

पावसाळा झाला. पडवीत एके ठिकाणी अजून गळते. ते पुढच्या वैशाखात पाहू. यंदाची भाऊबीज राजूरलाच आहे. दोघे भाऊ येणार आहेत, धाकट्याची मुले पहिल्यांदाच त्या घरात चार दिवस राहणार आहेत. हक्कसोडपत्राचा कागद दादाने अजून जपून ठेवला आहे, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर फराळाच्या सामानाची यादी केली आहे. मी मात्र वाण्याकडून पावशेर चिंचोके आणून ठेवले आहेत. खाच कुठे आहे ते मुलांना सांगणार नाही. त्यांची त्यांना सापडू दे.